सोमवारचा डबा

शनिवार-रविवारी लोक सिंहगड चढतात, पिक्चर बघतात, ईएमआयवाल्या फ्लॅटचे पडदे बदलतात. अस्मादिक कुकीज भाजतात. चॉकलेट चिप कुकीज. मी पोळी लाटली तर ऑस्ट्रेलिया होतो, फोडणी दिली तर शेजारी खोकतात, पण कुकीज मला जमतात. आणि हे जरा फुशारकीनेच सांगतोय, कारण ते जमायला बरीच वर्षं गेली आहेत.

सुरुवात झाली ऑनसाईटला. २०१५ चा जानेवारी-फेब्रुवारी, बॉस्टनजवळचं एक गाव. तो हिवाळा ज्यांनी तिथे काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या मोसमात बॉस्टनमध्ये ११० इंचांच्या वर बर्फ पडला, तिथल्या नोंदींमधला सगळ्यात जास्त. ट्रेन बंद, रस्ते बंद, ऑफिस घरून. घरात मी, रूममेट आणि एक भलामोठा ओव्हन. आता हा ओव्हन म्हणजे तिथल्या तमाम देशी मंडळींचं कपाट असतं. आमच्याही ओव्हनमध्ये दोन कढया, कुकर, तवा आणि एक इस्त्री (का ते विचारू नका) सुखाने नांदत होती. रूममेटने चॉकलेट चिप्सचं पिवळं पाकीट आणलं होतं, नुसतं बकाबका खायला. पाकिटाच्या मागे पाककृती छापलेली होती. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कढया बाहेर काढल्या.

ती पाककृती टोल हाऊसची. गोष्ट अशी सांगतात, की १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावात टोल हाऊस नावाची खाणावळ चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड बाईंकडचं बेकिंगचं चॉकलेट एक दिवस संपलं. त्यांनी साध्या चॉकलेटचे तुकडे करून पिठात टाकले. वाटलं, भट्टीत विरघळून पसरतील. ते आपले तसेच राहिले. झाला शोध, अपघाताने!

गोष्ट छान आहे, पण पटत नाही. बाई गृहशास्त्र शिकलेल्या, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या. भाजल्यावर चॉकलेटचं काय होतं हे न कळण्याइतक्या भोळ्या नक्कीच नव्हत्या. त्यांनी स्वतः सांगितलं ते वेगळंच आहे. त्या आइस्क्रीमबरोबर एक पातळ, सुकामेव्याची कुकी द्यायच्या. लोकांना ती आवडायची, पण त्यांना काहीतरी वेगळं द्यायचं होतं. म्हणजे ठरवून केलेला प्रयोग. १९३८ च्या त्यांच्या पुस्तकात ही कुकी आली, १९३९ मध्ये नेस्लेने तयार चिप्स विकायला काढल्या, आणि पाककृती पाकिटावर जाऊन बसली. मला हे वाचून बाईंबद्दल आदर वाटला आणि त्या गोष्टीचा राग आला. कुणीतरी डोकं चालवून केलेल्या गोष्टीला 'आपोआप झालं' म्हणायची माणसांना फार हौस. (हे वाक्य पुढे माझ्यावरच उलटणार आहे. असो.)

बर्फ वितळल्यावर एका रविवारी गाडी काढून व्हिटमनलाही जाऊन आलो. खाणावळ १९८४ च्या ३१ डिसेंबरला जळून गेली. आता रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे. पाटीचा फोटो काढला, गाडीत बसून डब्यातल्या दोन कुकीज खाल्ल्या, परत आलो.

२०१६ मध्ये पुण्याला परतलो आणि तीच पाककृती जशीच्या तशी उतरवली. मैदा २८० ग्रॅम, लोणी २२५, पांढरी आणि ब्राऊन साखर प्रत्येकी दीडशे, दोन अंडी, चमचाभर खायचा सोडा, चमचाभर मीठ, व्हॅनिला, ३४० ग्रॅम चिप्स. मे महिना होता. २८ लिटरचा नवाकोरा ओटीजी. बारा मिनिटांनी दार उघडलं तर ट्रेमध्ये आठ कुकीज नव्हत्या, एकच होती. ट्रेच्या आकाराची. चिप्स मधूनमधून डोकं वर काढून बघत होत्या. बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "थालीपीठ आहे का?"

आपल्या धंद्यात याला म्हणतात, 'माझ्या मशीनवर तर चालत होतं'.

आता काकांकडे येतो. आमची टीम चौदा जणांची. सरासरी वय सव्वीस असेल. त्यात एक टेस्टर चव्वेचाळीस वर्षांचे, म्हणून पोरं त्यांना 'काका' म्हणायची. आधी चिडवायला, मग सवयीने. मी त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान आणि त्यांचा लीड, तरी मीही काकाच म्हणायचो. ते मला 'साहेब' म्हणायचे आणि वर अरे-तुरे करायचे.

रविवारी भाजायचं आणि सोमवारी डबा ऑफिसात न्यायचा, हा माझा रिवाज पडला होता. (सोमवारी अंडं न खाणारे तिघं होते, त्यांच्यासाठी वेगळ्या पिठात अंड्याऐवजी दही. चव बरी लागते, पण कुकी केककडे झुकते.) बाकीचे "मस्त रे!" म्हणून कामाला लागायचे. 'मस्त'मधून काय कळणार, कप्पाळ? काका खायचे, थांबायचे, आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहून ती डब्याच्या झाकणाला चिकटवायचे. टेस्टर माणूस, डिफेक्ट लॉग केल्याशिवाय झोप यायची नाही.

पहिली चिठ्ठी: "खारट. बटरमध्ये मीठ असतं हे डेव्हलपरला ठाऊक आहे काय?" ठाऊक नव्हतं. अमेरिकेत मी बिनमिठाचं लोणी आणायचो. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट, त्यावर मी चमचाभर मीठ आणखी घालत होतो.

दुसरी: "पहिल्या ट्रेच्या कुकीज जाड, तिसऱ्याच्या चपट्या. पीठ एकच. कारण शोधा." शोधलं. घाई करून मी पहिला घाणा काढला, की त्याच तापलेल्या ट्रेवर दुसरा घालत होतो. लोणी पस्तीस अंशांच्या आसपास पूर्ण विरघळतं. गरम पत्र्यावर गोळा ठेवला की तो ओव्हनमध्ये जायच्या आधीच पसरायला लागतो आणि मैदा-अंडं धरायच्या आत चपटा होतो. मे महिन्यातल्या त्या थालीपिठाचंही हेच कारण. किचन अडतीस अंशांवर, लोणी परातीतच पातळ झालेलं. लोणी आणि साखर फेसायची ती हवा भरायला, चिरोट्यांसाठी साटा फेसतात तशी. पातळ लोण्यात हवा राहतच नाही. मग दोन ट्रे घेतले, एक गार होईपर्यंत दुसरा आत. उन्हाळ्यात फेसायचं काम एसीच्या खोलीत, पलंगावर वर्तमानपत्र पसरून. बायकोचं यावरचं मत इथे देत नाही.

तिसरी मला सगळ्यात जास्त लागली: "गोड आहे. चव नाही." तेव्हा आमच्या वाण्याकडे ब्राऊन साखर मिळायची नाही, म्हणून मी सगळी पांढरीच घालत होतो. ब्राऊन साखर म्हणजे साखर आणि मळी. त्या मळीत थोडा आंबटपणा असतो, त्यावर खायचा सोडा काम करतो, आणि ती ओल धरून ठेवते म्हणून कुकी आतून मऊ राहते. नुसती पांढरी घातली की पापडी. आता मळी कुठून आणायची? आईच्या फडताळात कोल्हापूरची काकवी होती! दीडशे ग्रॅम साखरेत मोठा चमचाभर काकवी चोळली. काकवी म्हणजे मळी नव्हे, पण नातेवाईक आहे. त्या सोमवारी काकांनी चिठ्ठी लावली नाही. तीन कुकीज घेतल्या, दोन स्वतः खाल्ल्या आणि तिसरी टिश्यूत गुंडाळून खिशात टाकली. "मुलीला."

तेव्हापासून तिसरी कुकी मुलीची.

एकदा चहाला बोलता बोलता कळलं, की काका आणि मी, दोघंही भट्टीवाले. म्हणजे लहानपणी सुट्टीत रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा पिशवीत घालून बेकरीत जायचं, नानकटाई आणि बिस्किटं भाजून घ्यायची आणि गरम पत्र्याचा डबा सायकलच्या कॅरियरवर बांधून घरी आणायचा, ती जमात. काकांना त्यांची आई बेकरीत मुद्दाम बसवून ठेवायची. आपलं तूप आपल्याच पिठात जातंय ना, आणि जेवढी भाजली तेवढीच डब्यात येतायत ना, हे बघायला. "साहेब, माझं टेस्टिंगचं करियर तिथे सुरू झालं," काका म्हणाले. "बेकरीवाला 'करपलं नाही' म्हणायचा. मी एकेक नानकटाई उलटी करून बघायचो. तळ बघायचा. वरून सगळ्याच चांगल्या दिसतात."

आणि छत्तीस तास. जुलै २००८ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये डेव्हिड लाइट यांचा या कुकीवर एक लेख आला होता. बेकिंगवाल्यांमध्ये तो फार गाजला. त्यात म्हटलं होतं की कालवलेलं पीठ लगेच भाजू नका, फ्रीजमध्ये छत्तीस तास ठेवा. अंड्यातलं पाणी दाट असतं, ते मैद्यात मुरायला वेळ लागतो. मुरलं की पीठ कोरडं, घट्ट होतं, सारखं भाजलं जातं, रंग गडद येतो आणि टॉफीसारखा वास सुटतो. मी बारा तास, चोवीस आणि छत्तीस असे तीन डबे करून बघितले. खरंच फरक पडतो. तेव्हापासून माझा कार्यक्रम ठरला. शुक्रवारी रात्री दहाला पीठ, रविवारी सकाळी दहाला ओव्हन.

आता फेब्रुवारी २०२३ मधला एक शुक्रवार.

ते दिवस आठवत असतील. लिंक्डइन उघडलं की रोज कुणीतरी 'माझा प्रवास इथे थांबतोय' लिहीत होतं. साडेपाचला मला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली, विषय नाही. एचआरच्या एक बाई आणि आमचा डिलिव्हरी हेड. तीन टीम्समधून प्रत्येकी एक. माझ्या टीममधून काका. सोमवारी अकराला त्यांना बोलावणार, मी खोलीत असायला हवं. तोवर कुणाशीही बोलायचं नाही, याची लेखी कबुली त्यांनी तिथल्या तिथे ईमेलवर घेतली. मी विचारलं, "हेच का?" हेड म्हणाला, "लिस्ट सिस्टिममधून आलीय."

सिस्टिममधून.

सप्टेंबरमध्ये माझ्याकडे एक एक्सेल आलं होतं. चौदा नावं, एक ते चौदा असे क्रमांक लावायचे, दोघांना एकच नंबर द्यायचा नाही. मी एक रविवार त्यात घालवला होता. पोरांना वर ठेवावंच लागतं, नाहीतर ती दोन महिन्यांत दुसरीकडे उडी मारतात आणि मग माणसं शोधत मीच फिरतो. काका कुठे जाणार नव्हते. प्रमोशन मागणार नव्हते. वरच्या खाली कुणाला तरी टाकायचंच होतं, आणि ज्याला टाकल्यावर माझ्याकडे भांडायला कुणी येणार नाही, असं ते एकच नाव होतं. चौदावा नंबर मी टाइप केला. तेव्हा त्याचा उपयोग फक्त बोनससाठी होणार, असं सांगितलं होतं. आणि मीही ते चटकन मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

त्या रात्री घरी आलो आणि दहा वाजता परात काढली. बायको म्हणाली, "जेव तरी आधी." मी म्हटलं, "छत्तीस तास बसत नाहीत मग." लोणी-साखर फेसताना सहसा मी काहीतरी ऐकत असतो. त्या दिवशी काही लावलं नाही. फेसून फेसून पांढरं झालं तरी फेसतच राहिलो. हेही चूकच आहे बरं का. फार हवा भरली की कुकी आधी फुगते आणि मग मधोमध बसते. पण लक्ष पिठात नव्हतं.

शनिवारी बायकोला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "सोमवारी डबा नेणार?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माणसाला काढायच्या दिवशी मिठाई घेऊन जायची? आणि नाही नेला, तर चौदा जण विचारणार, आज डबा का नाही, आणि त्यातला एक माणूस असा, की नसलेल्या गोष्टीतूनही कारण शोधून काढेल. शनिवारभर मी फ्रीज उघडून ते पीठ बघत होतो. मुरणाऱ्या पिठात बघण्यासारखं काहीही नसतं.

रविवारी दहाला सुरुवात केली. गोळे चाळीस ग्रॅमचे, काट्यावर मोजून. आठ-आठचे चार घाणे. १७५ अंश, बारा मिनिटं. (पाकिटावर सांगितलंय त्यापेक्षा जरा कमी. माझ्या ओटीजीची मागची बाजू जास्त तापते, म्हणून सहा मिनिटांनी ट्रे फिरवायचा.) कडा तांबूस आणि मधला भाग कच्चा वाटतो तेव्हाच बाहेर काढायच्या. मग पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्यायच्या, त्या उष्णतेवर त्या पुढे शिजत राहतात. ओव्हनमध्ये 'झाल्या' वाटेपर्यंत थांबलात तर बिस्किटं मिळतील. पहिले दोन घाणे आजवरच्या सगळ्यात सुंदर कुकीज होत्या. असं का व्हावं कळत नाही.

तिसरा घाणा आत गेला आणि फोन वाजला. काका.

"साहेब, उद्या दुपारी हाफ डे घेऊ का? मुलीच्या क्लासची फी भरायचीय. अकरावी-बारावीचा क्लास रे. उद्यापर्यंत भरली तर दहा हजार सूट आहे. नंतर नाही."

मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा होती, मला माहीत होतं. मी विचारलं, "किती भरायचेत?"

"पहिला हप्ता ऐंशी हजार. परत मिळत नाहीत म्हणे, घेतले की घेतले." हसले. "आपल्या क्लायंटपेक्षा कडक आहेत."

मी ओव्हनच्या काचेतून बघत होतो. गोळे नुकते बसायला लागले होते. शुक्रवारी पाठवलेला तो ईमेल आठवत होता, आणि घराचा हप्ता, हेही खरं. मी म्हटलं, "काका, उद्या नको. मंगळवारी भरा ना. उद्या एक पॅच जायचाय, तुम्ही लागाल."

पलीकडे शांतता.

गुरुवारी रिलीज गेला होता. काकांनी स्वतः साइन-ऑफ दिला होता. कुठलाही पॅच नव्हता. असता तर त्याचं तिकीट माझ्या आधी त्यांना दिसलं असतं.

"कुठला पॅच?" काका म्हणाले.

"अचानक आलाय."

"दहा हजार जातील."

"हो. तरी... मंगळवारीच भरा."

परत शांतता. मागे टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी तो बारीक केला. मग काका म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळाने, अगदी नेहमीच्या आवाजात, "कुकीज आणतोयस ना?"

"आणतोय."

फोन ठेवला तेव्हा वास आला. तिसरा घाणा चार मिनिटं जास्त राहिला होता आणि ट्रे फिरवायचाही राहून गेला होता. मागच्या रांगेतल्या तिघींचे तळ काळे. वरून काही कळत नव्हतं. मी त्याही डब्यात भरल्या, खाली. फेकवल्या नाहीत. का, ते आजही सांगता येणार नाही.

सोमवारी साडेनऊला डबा नेहमीच्या जागी, कॉफी मशीनशेजारी. पोरं आली, घेऊन गेली, "मस्त रे!" काका पावणेदहाला आले. हाताने वरच्या बाजूला करून खालच्या काढल्या, एक उलटी केली, बघितली, खाल्ली. माझ्याकडे बघितलं नाही. अकराला बोलावणं आलं. खोलीत मी सात मिनिटं होतो. काकांनी दोनच प्रश्न विचारले, दोन्ही कागदपत्रांबद्दल. माझा आवाज कसा येत होता मला माहीत नाही. मी एक छापील वाक्य म्हटलं, ज्यात 'दुर्दैवाने' हा शब्द होता.

पावणेबाराला ते बॅग घेऊन निघाले. जाताना कॉफी मशीनपाशी थांबले, टिश्यू घेतला, एक कुकी गुंडाळली, खिशात ठेवली. सिक्युरिटीवाला बाजूला उभा होता. त्यालाही एक दिली.

दुपारी डबा आवरायला गेलो तर झाकणावर चिठ्ठी.

"मीठ बरोबर. रंग उत्तम. तीन कुकीजचा तळ करपलाय, तिसरा घाणा असणार. त्या वेळी कुणाचा फोन आला होता काय?"

ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. पिवळा रंग उडालाय.

काकांना जुलैमध्ये दुसरी नोकरी लागली, जुन्यापेक्षा कमी पगारावर. मुलीने आधी स्वस्तातला दुसरा क्लास लावला. मीच मधे दोन-तीनदा फोन केले, त्यांनी ते चांगल्या मनाने घेतले. रविवारच्या फोनबद्दल एकदाच म्हणाले, "त्या पॅचसाठी थँक्स." मी 'कसलं काय' असं काहीतरी पुटपुटलो. सप्टेंबरच्या एक्सेलबद्दल मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं की लिस्ट वरून आली, मी खाली अडकलो आणि तरी जमेल तेवढं केलं. माझ्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं आहे. ते एक्सेल त्यानंतरही दर वर्षी येतं. मी ते भरतो. एकदा दोघांना एकच नंबर देऊन बघितला होता. सेल लाल झाला, सेव्ह होईना.

गेल्या आठवड्यात काकांचा मेसेज आला. मुलगी आता इंजिनियरिंगला आहे, सुट्टीत घरी आलीय, तिने कुकीज करून बघितल्या. सोबत फोटो. ट्रेच्या आकाराची एकच कुकी, कडा फाटलेल्या. खाली लिहिलं होतं, "साहेब, कारण शोधा."

मी आधी खूप काही टाइप केलं. एक्सेल, सप्टेंबर, चौदा नंबर, सगळं. ते तसंच ड्राफ्टमध्ये पडलंय. काका, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर तो मेसेज पाठवायची गरजच उरणार नाही. तुमचं नाव मी टाइप केलं होतं. सिस्टिमने नाही.

मुलीसाठी सांगतो. लोणी पातळ झालं होतं, फोटोत कडा तुपकट दिसतायत. बोट दाबलं तर खड्डा पडावा, पण चकाकी दिसू नये, इतपतच मऊ हवं. गोळे करून निदान एक रात्र फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि तिथून थेट ओव्हनमध्ये. दोन गोळ्यांत तीन बोटं अंतर. ट्रे गार. साखर सगळी पांढरी घातली असेल तर चमचाभर काकवी चोळून बघ. आणि पहिल्या घाण्यात एकच कुकी भाज. ती उलटी करून तळ बघ, मगच बाकीच्या घाल.